पाळण्यापाशी कोणी गायचे?

गेल्या काही वर्षांत खान्देशातल्या सुशिक्षित घरांना आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची गाणी टिपून ठेवण्याची ओढ लागलेली दिसते, आणि घरात नवे मूल येणार असे कळले की ती आणखी वाढते. आजीला किंवा पणजीला खुर्चीत बसवायचे, पंखा बंद करायचा, मोबाईल उशीला टेकवून समोर ठेवायचा आणि 'ते आपलं पाळण्याचं गाणं म्हण ना' असा आग्रह धरायचा, हा प्रकार आता जळगाव-धुळ्याच्या कॉलन्यांमध्ये बारशाच्या तयारीचाच एक भाग होऊन बसला आहे. या धडपडीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही, कारण मी स्वतः ती केली आहे. करून झाल्यावर माझे मत असे बनले, की टिपून ठेवलेले गाणे आपोआप बाळापर्यंत पोहोचत नाही. ते पोहोचायचे असेल तर घरातल्या नोकरी-धंदा करणाऱ्या, गाण्याचे अंग नसलेल्या माणसांनी, आणि त्यातही पुरुषांनी, ते आपल्या बोलीत रोज रात्री म्हणायला हवे. या मताच्या आड येणाऱ्या अडचणी पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काही मलाही सुटलेल्या नाहीत.

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून धुळ्याला आमच्याकडे आली होती. बाळ तीन आठवड्यांचे झाले असताना तिने पणजीचे गाणे रेकॉर्ड करायचे ठरवले. माझ्या आईला आम्ही सगळेच जिजी म्हणतो. तिचे वय तेव्हा ऐंशीच्या पुढे होते, पण स्मरणशक्ती अशी, की कोणाच्या विहिरीला कोणत्या साली पाणी लागले हे ती महिन्यासह सांगत असे. खुर्चीत बसवून समोर मोबाईल धरल्यावर मात्र तिला दोन ओळींपुढे काही आठवेना. त्याच दोन ओळी तिने तीनदा म्हटल्या, पदर सारखा केला आणि वैतागून म्हणाली, "मांडीवर पोर नही, मंग गानं कथाईन ई?" पोरच मांडीवर नाही तर गाणे येणार कुठून, हा तिचा सवाल होता. संध्याकाळी बाळाला ओव्याची धुरी देऊन झाल्यावर ती जमिनीवर पाय लांब करून बसली, दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोबणीत तिने बाळ निजवले, पाय डावी-उजवीकडे हलू लागले, आणि सकाळी न सापडलेले गाणे ओळीमागून ओळ असे बाहेर आले. त्यात मावशीचे नाव आले, मामाचा मळा आला, बांधावरचा आंबा आला. मुलीने धावत जाऊन मोबाईल आणला खरा, परंतु त्या रेकॉर्डिंगमध्ये आजही कुकरच्या दोन शिट्ट्या गाण्याहून स्पष्ट ऐकू येतात.

जिजीचे म्हणणे मी त्या वेळी म्हातारपणाचा हट्ट समजलो होतो. नंतर मला वाटू लागले, की या जातीच्या गाण्याचे त्याहून नेमके वर्णन करणे अवघड आहे. अंगाईची ओळ किती लांब असावी हे झोका ठरवतो. लुगड्याची झोयी, म्हणजे झोळी, घरात आढ्याला बांधली किंवा कापूस वेचताना बांधावरच्या कडुनिंबाला बांधली, की जितकी दोरी लांब तितका झोका संथ, आणि झोका संथ तितकी ओळ ताणलेली. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून भाकरी थापणाऱ्या बाईच्या गाण्यात थापण्याचा ठेका मिसळतो, म्हणून तेच गाणे चुलीपाशी निराळे आणि ओट्यावर निराळे लागते. बाळ झोपायला तयार नसले की नातेवाइकांची नावे वाढत जातात, मामा संपले की काका सुरू होतात. डोळे जड होऊ लागले की शब्द गळतात आणि शेवटी नुसते गुणगुणणे उरते. म्हणजे गाण्याची लांबी, वेग आणि मजकूर हे तिन्ही बाळाच्या चेहऱ्याकडे पाहून ठरतात. बाजारात हल्ली बॅटरीवर हलणारे आणि सूर वाजवणारे पाळणे मिळतात. दमलेल्या आईबापांचा हात ते मोकळा करतात हे खरे, पण बाळ झोपत आले आहे की रडायच्या बेतात आहे हे त्यांना कळत नाही.

हे केवळ जुन्या माणसाचे हळवेपण वाटू नये म्हणून काही प्रयोगांची आठवण करून देतो. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या संशोधकांनी १९८० साली दाखवून दिले, की तीन दिवसांच्या आतली अर्भके तोंडातली चोखणी चोखण्याची लय बदलून परक्या बाईच्या आवाजाऐवजी आपल्या आईचा आवाज निवडतात. १९८६ साली डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी त्यापुढे जाऊन असे दाखवले, की गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत आईने रोज मोठ्याने वाचलेली गोष्ट नवजात बाळाला न वाचलेल्या गोष्टीपेक्षा ओळखीची वाटते. या प्रयोगांत आवाज टेपवरूनच ऐकवला होता, असे कोणी माझ्याविरुद्ध दाखवून देईल, आणि ते बरोबरच आहे. परंतु टेपवरचा तो आवाज बाळाला ओळखीचा झाला होता तो पोटात असताना, जिवंत आईच्या अंगातून. तिसरा प्रयोग माझ्या मुद्द्याला अधिक जवळचा आहे. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारे माणूस जमिनीवर बसून पुस्तक वाचत व खेळत असे, काहींना त्याच माणसांची चित्रफीत दाखवली, काहींना नुसता आवाज ऐकवला. पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या बारा बैठकींनंतर त्या भाषेतले ध्वनी ओळखता आले ते फक्त माणसासोबत बसलेल्या बाळांना. चित्रफितीने आणि आवाजाने काहीच साधले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक वर्षाखालच्या मुलांना पडद्यासमोर मुळीच बसवू नये असे सांगितले, त्यामागची कारणे अनेक आहेत. पण यूट्यूबवरची अंगाई लावून बाळाला तिच्यासमोर ठेवणाऱ्या घरांना तेवढा एक सल्ला पुरेसा आहे.

मग नोंद करायचीच नाही काय? खान्देशातल्या माणसाला तरी असे म्हणता येणार नाही, कारण आपल्या सर्वांत मोठ्या कवयित्रीचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांच्या तोंडून आलेली गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या माणसांनी कागदावर उतरवून घेतली, आणि १९५१ साली त्या गेल्यानंतर पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. ते टिपण झाले नसते तर आज ज्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे त्याला ते द्यावे असे कोणाला सुचलेही नसते. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबर यांच्या अध्यक्षतेखाली लोकसाहित्य समितीने खंडामागून खंड काढले, गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हे काम झाले नसते तर अभ्यासकांनाच काय, आपल्यालाही आपल्या आज्यांना काय येत होते याचा पत्ता लागला नसता. माझा आक्षेप नोंदीला नाही, नोंद झाली की आपले काम संपले असे मानण्याला आहे. बहिणाबाईंची कविता छापली गेल्यावर वाचकाकडे पोहोचते, कारण तिला वाचक हवा असतो. अंगाईला हवे असते झोपेने किरकिरणारे मूल. रेकॉर्डिंग हे आपण मोठ्यांनी शिकण्यासाठी करावे, बाळाला ऐकवण्यासाठी नव्हे, इतका साधा फरक पाळला तरी कुकरच्या शिट्ट्यांसकट आमचे रेकॉर्डिंग कामाचे आहे. मी त्यावरूनच शिकलो.

साठीत शिकावे लागले, कारण आधी शिकलो नव्हतो, आणि येथे मला भाषेचा विषय काढणे भाग आहे. जिजीच्या गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे शब्द होते 'जप वं माय, जप'. माझे जावई मूळचे साताऱ्याकडचे. दोन दिवस ते गाणे ऐकून त्यांनी मुलीला कौतुकाने सांगितले, की पणजी बाळाला स्वतःला जपायला सांगते हे फार सुंदर आहे. अहिराणीत, म्हणजे आमच्या खान्देशी बोलीत, जपणे म्हणजे झोपणे. 'पोर जपी गई' म्हणजे मुलगी झोपली. हे कळल्यावर जावई थोडे हिरमुसले, पण मला त्यांच्या चुकीची मौज वाटली, आणि काही दिवसांनी तिचे दुःखही वाटू लागले. कारण माझ्या मुलीलाही तो अर्थ एकदम सांगता आला नाही. तिला अहिराणी समजते, पण ती उत्तर मराठीत देते. ती लहान असताना आम्ही गावाकडून धुळ्यातल्या कॉलनीत राहायला आलो होतो, आणि तिच्याशी 'शुद्ध' बोलायचे असा नियम मीच घरात घातला होता. जिजीलाही मी तो सांगितला होता. ती बिचारी नातीसमोर 'शे'ऐवजी 'आहे' म्हणण्याचा प्रयत्न करी आणि मध्येच गप्प होई. ती गप्प होई तेव्हा गोष्टही तिथेच थांबे.

हा नियम मी एकट्याने घातलेला नाही. जनगणनेत अहिराणी 'खान्देशी' या भाषेखाली मोजली जाते. २००१ साली ही भाषा आपली म्हणून सांगणारे सुमारे २० लाख ७५ हजार लोक होते, २०११ साली ते सुमारे १८ लाख ६० हजार झाले. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि नाशिक जिल्ह्यातला बागलाण, कळवण, मालेगावचा पट्टा एवढा मुलूख धरला, आणि सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये, कल्याणमध्ये, पुण्यात पोटासाठी गेलेली माणसे मिळवली, तर हा आकडा खरा वाटत नाही, आणि तो खरा नसण्याला माझ्यासारखेच लोक कारणीभूत आहेत: गणना करणारे शिक्षक दारात आले तेव्हा मातृभाषा म्हणून मी 'मराठी' सांगितले होते. आतून जिजीने "सांग ना अहिराणी" असेही म्हटले नाही. तिलाही ते बरोबरच वाटले असावे. ग्रियर्सनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातल्या भाषांच्या आपल्या सर्वेक्षणात खान्देशी भिली भाषांसोबत एका भागात मांडली, नंतरच्यांनी तिचे नाते कोणी गुजरातीशी तर कोणी मराठीशी जोडले. तो वाद भाषातज्ज्ञांनी घालावा. एक गोष्ट मात्र त्या वादातूनही स्पष्ट होते, की ती बिघडलेली मराठी नाही. तिला तिचे व्याकरण आहे.

गंमत अशी, की याच काळात अहिराणी कधी नव्हे इतक्या मोठ्याने ऐकू येते आहे. लग्नाच्या वरातीत डीजेवर अहिराणी गाणी वाजतात, यूट्यूबवर ती कोट्यवधी वेळा पाहिली जातात, आणि खान्देशाबाहेरची पोरेही अर्थ न कळता त्यांवर नाचतात. श्रावणात कानबाई ही खान्देशची देवी घरोघरी बसते तेव्हा सुरतेहून आणि पुण्याहून भाऊबंद रोट खायला गावी येतात आणि रात्रभर गाणी होतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि ज्या बायका एरवी शहरात मराठीच बोलतात त्याही झोक्यावर अहिराणीत गातात. भादव्यापासून कोजागरीपर्यंत गुलाबाईची गाणी मुलींना येतात, निदान खिरापत ओळखण्यापुरती तरी. या गाण्यांना तिथी आहे, त्यामुळे वर्षातून एकदा का होईना, पंचांग त्यांना उठवते. झोपवण्याच्या गाण्याला तिथी नाही. त्याला मंच नाही, प्रेक्षक नाही, स्पर्धा नाही. ते फक्त रोज लागते, आणि रोजच्या वापरातून आपण आपली बोली काढून घेतली आहे. अमळनेरला २०२४ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हा अहिराणीच्या अभिमानाची भाषणे मीही टाळ्या वाजवून ऐकली. घरी आल्यावर मात्र शेजारच्या अंगणात एक तरुण आई आपल्या वर्षाच्या मुलाला 'कम बेटा, नीनी करो' म्हणत होती. तिची सासू ओसरीवर बसून होती, काही न बोलता.

त्या आईला दोष देणे सोपे आहे, म्हणून मी तो देत नाही. मूल बोलीत अडकले तर शाळेत मागे पडेल ही भीती पोकळ नाही. आमच्या पिढीने वर्गात 'मनं पुस्तक' म्हटल्यावर उसळलेले हसू ऐकले आहे. परंतु या भीतीचा हिशेब कोणी नीट मांडत नाही. मुलाच्या दिवसातला झोपेआधीचा अर्धा तास शाळेच्या कोणत्याही विषयाशी स्पर्धा करत नाही. जगभर कोट्यवधी मुले घरी एक आणि बाहेर दुसरी भाषा घेऊन वाढतात. सुरतेत वाढणाऱ्या आपल्या मुलांचेच पाहा: घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती आणि शाळेत आणखी काही, असा त्यांचा दिवस असतो आणि कोणाची जीभ अडखळत नाही. शाळेतले ते हसू थांबवायचे असेल तर ते हसणाऱ्यांना सांगून थांबवायला हवे होते, आपण ते आज्यांना गप्प करून थांबवले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले; पण घरातच घरची भाषा उरली नसेल तर धोरणाने काय करावे?

आता सर्वांत मोठी अडचण. बाळ दीड महिन्याचे असताना मी उत्साहाने मुलीला म्हणालो, की रोज रात्री जिजीचे एक गाणे तू म्हणत जा, म्हणजे परंपरा टिकेल. ती रात्री चार वेळा उठत होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "पप्पा, मला झोप हवी आहे, वारसा नको." त्या उत्तरावर मला बोलता आले नाही, आणि नंतर बोलावेसेही वाटले नाही. आपण पुरुष ज्या अंगाईच्या आठवणींनी गहिवरतो ती गाणारी बाई त्या वेळी दिवसभर निंदणी करून आलेली असे, मूल झोपल्यावर तिला भांडी घासायची असत, आणि मूल लवकर झोपावे म्हणूनच ती गात असे. गाणे हे तिच्या कष्टांचे हत्यार होते. त्याचा वारसा म्हणून गौरव करायचा आणि तो पुढे चालवण्याचे काम पुन्हा नुकत्याच बाळंत झालेल्या मुलीवर टाकायचे, हा लबाडपणा आहे.

आणि खान्देशातल्या पुरुषांना गाता येत नाही असे कोण म्हणेल? गावोगावी भजनी मंडळे आहेत, हरिनाम सप्ताहात सात दिवस टाळ वाजतात, वहीगायन या लोकगायनाच्या बाऱ्या रात्र-रात्र चालत. माझे वडील भजनात पुढे असत, त्यांचा आवाज गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत ऐकू जाई, पण घरातल्या झोयीपाशी बसून त्यांनी एक ओळ म्हटलेली मला किंवा माझ्या भावंडांना आठवत नाही. मीही माझ्या मुलीसाठी म्हटली नाही. रात्री मूल रडले की मी कूस बदलत असे. म्हणून पाळण्यापाशी कोणी गायचे या प्रश्नाला माझे उत्तर सरळ आहे: ज्यांना बाळंतपणाची जखम नाही, ज्यांना दूध पाजायचे नाही आणि ज्यांनी आजवर ऐकण्यापलीकडे काही केले नाही, त्यांनी. बाप, आजोबा, मामा, काका. आवाज चांगला नाही ही सबब चालणार नाही, कारण बाळ सूर तपासत नाही.

यावर कोणी म्हणेल, की ही तर बायकांची गाणी, पुरुषाच्या तोंडी ती शोभतील कशी. शिवाय ती आपल्या घराण्याची राहतील काय? घराण्याची ती कधीच नव्हती. पहिले बाळंतपण माहेरी होते, त्यामुळे बाळाच्या कानी पडणारे पहिले गाणे बहुधा आईच्या आईचे असते, आणि तिने ते तिच्या माहेराहून आणलेले असते. आडनावे बापाकडून येतात, गाणी लुगड्याच्या गाठोड्यातून एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. जिजीचे गाणे पारोळ्याकडचे, त्यात धुळ्याचे काहीच नाही. वाटेत ते बदलतही जाते. मुळात ते मुलाला उद्देशून आहे, त्यात 'रे बापू' आहे आणि मोठा होऊन तो वाडा बांधणार असे आहे. नात झाली म्हणून जिजीने 'रे'चे 'वं' केले, वाडा मात्र तसाच ठेवला. कोणी तिला समजावले नव्हते, कोणी सुधारणा सुचवली नव्हती. या गाण्यांमधला मुलाचा हव्यास खुपतो म्हणून ती टाकून द्यावीत असे म्हणणाऱ्यांनी एवढे पाहावे, की गाणारीच ती रोज दुरुस्त करत असते. छापील पुस्तकातल्या ओळीला ते करता येत नाही.

गोष्टींबद्दल मला इतकी खात्री नाही. चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा पूर्वी सगळे घर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपायला जाई. आधी पाणी शिंपडायचे, मग बाजा (खाटा) टाकायच्या, आणि मग 'गोट' सुरू व्हायची. सांगणारी दर वाक्याला थांबे आणि ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणायचे. हुंकार आला तरच पुढचे वाक्य. हुंकार यायचा थांबला की मूल झोपले असे समजून गोष्ट तिथेच सोडून द्यायची, त्यामुळे कित्येक गोष्टींचे शेवट मला पंचविशीपर्यंत ठाऊक नव्हते. ही पद्धत टिकावी असे मनापासून वाटते. गोष्टी सगळ्याच टिकाव्यात असे वाटत नाही. भुताच्या आणि वाघाच्या गोष्टींनी मुले बिघडतात हे मला पटत नाही, उलट आईच्या दंडाला धरून घाबरण्यात मोठे सुख असते. पण ज्या गोष्टींत चोर कायम एका जातीचा आणि मूर्ख कायम दुसऱ्या जातीचा असतो त्या मी नातीला सांगणार नाही, आणि 'परंपरा म्हणून सांगा' असे कोणी म्हटले तरी ऐकणार नाही. चिमणी-कावळ्याची गोष्ट पुरेशी आहे. आमच्याकडे ती चिमणीची नाही, 'चिडी'ची असते.

घरांनी करायचे ते इतके. सार्वजनिक जागी काय व्हावे याबद्दल माझी मागणी छोटी आहे. अंगणवाडीची योजना १९७५ साली सुरू झाली आणि आज गावागावांत तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा दिवस तिथे जातो. अंगणवाडीताई बहुधा त्याच गावच्या असतात, त्यांना स्थानिक बोली येते, पण बडबडगीते मात्र बहुतेक पाठ्यपुस्तकी मराठीतली म्हटली जातात. त्यांना घरच्या बोलीतली गाणी म्हणण्याची नुसती मुभा असून भागणार नाही. पर्यवेक्षिकेने भेटीच्या वेळी 'ताई, इथल्या आज्यांकडचं एखादं गाणं ऐकवा' असे आवर्जून म्हणायला हवे, म्हणजे त्याला मान मिळतो. येथे बोली म्हणजे एकटी अहिराणी नव्हे. यावल-रावेरला लेवा गणबोली आहे, तांड्यांवर बंजाऱ्यांची गोरमाटी आहे, आणि नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावकडे तर घरी भिली आणि पावरी बोलणाऱ्या मुलाला आमची अहिराणीही परकीच असते. अहिराणीचा अभिमान मिरवताना आपण तिथे मराठीचीच जागा घेऊ नये. दुसरे असे, की लोकगीते गोळा करून प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी ज्या गावातून गाणी नेली त्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात किंवा ग्रामपंचायतीत त्यांची मोठ्या अक्षरातली एक प्रत ठेवावी. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाळंतिणी जात नाहीत.

आमच्या घरचे सांगायचे तर, मुलगी तीन महिन्यांनी पुण्याला गेली आणि रात्रीची पाळी जावयांनी घेतली. ते गाणे त्यांनी त्या शिट्ट्यांच्या रेकॉर्डिंगवरून पाठ केले आहे. त्यांच्या तोंडी 'पायना' हा शब्द अजून 'पाळणा' होतो आणि तिसरी ओळ ते चौथीच्या जागी म्हणतात. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. मागे नात रडत होती. मामाच्या मळ्यानंतर आंबा येतो की विहीर, असे ते विचारत होते. मला सांगता येईना, म्हणून फोन जिजीच्या हाती दिला. तिला तो प्रश्न काय आहे हेच आधी कळेना. कळल्यावर तिने जावयांना विचारले, की बाळ झोपायला आले आहे की अजून खेळते आहे; खेळत असेल तर दोन्ही म्हणा.